उंदरांचं नवरात्र

सांगलीत प्रयोगशाळा काढायची म्हणजे हळदीशी सोयरीक आलीच. मार्केट यार्डाकडून वारा सुटला की खिडकीच्या जाळीवर पिवळा थर बसतो, आणि वारा नसेल त्या दिवशी कुणाच्या तरी घरच्या लग्नाची हळद कुणाच्या तरी कोपरापर्यंत लागलेली असते. बाकी जगाला या हळदीचं कोण कौतुक! मिरज रस्त्यावरच्या मूत्रपिंड संशोधन संस्थेला मात्र ती डोकेदुखी होती. कारण हळद निळ्या प्रकाशात हिरवी चमकते, आणि ही मंडळी उंदरांच्या मूत्रपिंडात जे शोधत होती तेही नेमकं हिरवंच चमकायचं.

ते काय, हे आधी सांगून टाकू. अंगात परकं काही शिरलं की रक्तातल्या अँटिबॉडी त्याला घट्ट धरतात आणि दोघांचा मिळून एक बारीक गठ्ठा होतो. निरोगी माणसात असे गठ्ठे यकृतात जाऊन मोडले जातात. ल्युपस नावाच्या आजारात शरीर घरच्यालाच चोर समजतं, आणि गठ्ठे इतके होतात की ते उचलायला कुणी पुरत नाही. मग ते मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकून बसतात. गाळणी सुजते, फाटते, अंगातलं प्रोटीन लघवीतून वाहून जातं आणि एके दिवशी माणूस डायलिसिसच्या खुर्चीवर जाऊन बसतो. हा आजार जन्मतःच घेऊन येणारी उंदरांची एक जात आहे. संस्थेच्या उंदीरघरात तीच पाळलेली होती.

या संस्थेनं जे औषध शोधलं त्याचं कागदावरचं नाव एका दमात म्हणता येत नसे. यार्डाच्या शेजारी राहणाऱ्या माणसांनी त्याला सरळ 'हमाल' म्हणायला सुरुवात केली. नाव चपखल होतं. हे औषध रक्तातला एकेक गठ्ठा उचलायचं, रक्तपेशीच्या पाठीवर लादायचं आणि पेशी तो यकृताच्या दारात नेऊन उतरवायची. उंदरांची मूत्रपिंडं वर्षभरात लख्ख झाली. मग सांगली-कोल्हापूरकडच्या चाळीसेक रुग्णांवर चाचणी सुरू झाली. हा आजार बहुतेक तरुण बायकांना होतो, त्यामुळे चाचणीतही त्याच होत्या. त्यांनी मोबाईलवर आपला एक ग्रुप काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'हमाल मंडळी'.

त्या मंडळींत प्राजू होती. प्राजक्ता, संस्थेतल्याच डॉ. केतकी खोतची धाकटी बहीण. तासगावात दिलेली, ब्लाउज शिवण्यात हात धरणारं कुणी नाही, आणि ऐन पंचविशीत तोंड सुजून ओळखू येईनाशी झालेली. हमालाचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा, पेनानं, घरच्या घरी. चार महिन्यांत ती परत स्कूटरवरून भाजीला जायला लागली. बहीण चाचणीत आहे म्हटल्यावर केतकीनं रुग्णांच्या बाजूला पाऊल ठेवायचं नाही, तिनं आपले उंदीर सांभाळायचे, असा दंडक संस्थेचे प्रमुख डॉ. हेरवाडकर यांनी घातला होता. तो तिनं कसोशीनं पाळला. पण बहिणीच्या फोनवर दंडक कसा चालायचा?

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी प्राजूचा फोन आला होता.

"ताई, मी नवस बोललेय. लघवी स्वच्छ झाली तर नवरात्र कडक धरीन म्हणून. आणि आत्या म्हणतात, देवीच्या दिवसांत अंगाला सुई लावायची न्हाई. एक इंजेक्शन बुडलं तर चालंल का गं?"

आत्या म्हणजे प्राजूच्या सासूबाई. केतकीच्या एका हातात तेव्हा शेपटीनं धरलेला उंदीर होता. ती म्हणाली, "एकानं काय होतंय? दसरा झाल्यावर घे."

फोन ठेवला आणि तिनं उंदीर परत पिंजऱ्यात सोडला. एकानं काय होतंय हे तिला तरी कुठं ठाऊक होतं? आजवर एकाही उंदराचा डोस चुकला नव्हता, कारण डोस देणारी ती स्वतः होती, आणि उंदीर काही उपवास धरत नाहीत. त्यांना सुई कधी थांबवून बघावी हे कुणाला सुचलंच नव्हतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी, प्राजूच्या बरोबरीनं, तिनं एका पिंजऱ्याचं औषध बंद केलं. पिंजऱ्याला चिठ्ठी लावली : 'नवरात्र'. उंदीरघर सांभाळणारे मुजावरमामा ती वाचून हसत सुटले. "म्याडम, ह्यान्ला साबुदाणा भिजवू का?"

नऊ दिवस ती त्या पिंजऱ्यातल्या उंदरांची लघवी तपासत राहिली. रोज स्वच्छ. रोज तिचा जीव भांड्यात पडायचा आणि संध्याकाळपर्यंत परत बाहेर यायचा. लघवी खोटं बोलत नाही, पण ती उशिरा बोलते. गाळणीत काय साठतंय हे बघायचं तर मूत्रपिंडच उघडायला हवं. ते तिनं दसऱ्याच्या सकाळी, संस्थेला सुट्टी असताना, उघडलं.

दोन उंदरांना तिनं यातनेविना मारलं. मूत्रपिंडं गोठवली, त्यांचे पातळ काप काढले, काचेच्या पट्ट्यांवर घेतले. गठ्ठ्यांना चिकटून हिरवं चमकणारं द्रावण काहींवर टाकलं, आणि पट्ट्या वाचकयंत्रात सरकवल्या. आताशा सूक्ष्मदर्शकात डोळा कुणी लावत नाही, यंत्रच काप वाचतं. पडद्यावर हिरवाई पसरली. केतकी पडद्याशी सरकली. पण लगेच खाली पिवळ्या अक्षरांत शेरा उमटला :

हळद. नमुना बाद.

ही ओळख यंत्राला केतकीनंच शिकवली होती. सांगलीतल्या यंत्राला हळद ओळखता आली नाही तर ते रोज बोंब मारेल, म्हणून हळदीच्या शेकडो डागांची चित्रं दाखवून तिनं त्याला पढवलं होतं. आणि आज हळद येण्याला कारणही होतं. आदल्या दिवशी खंडेनवमी. संस्थेतल्या झाडून सगळ्या यंत्रांची पूजा झाली होती. काप काढायच्या यंत्राला हेरवाडकरांनी दरवर्षीप्रमाणे स्वतःच्या हातानं हळदीकुंकवाची बोटं लावली होती, वर झेंडूचा हार. सकाळी केतकीनं ते पुसून घेतलं होतं, पण आतल्या ब्रशात हळद शिरली असणार.

तेवढ्यात खुद्द हेरवाडकरच हजर झाले. अंगात रेशमी कुडता, हातात आपट्याची पानं.

"घ्या केतकीबाई, सोनं! सणासुदीला उंदीर कसले मारता?" पडद्याकडे लक्ष गेलं तसे ते वाकले. "हे काय?"

केतकीनं सांगितलं. फोनचंही सांगितलं. त्यांच्या कपाळावर आठी चढली, पण ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"द्रावण न टाकलेला काप आहे? तो लाव."

तिनं लावला. तोही चमकला.

"झालं तर मग!" हेरवाडकरांनी सुस्कारा सोडला. "द्रावण नाही तरी चमकतोय, म्हणजे हळदच. नुसते गठ्ठे असते तर हा काळा दिसला असता. भ्रष्ट नमुना आहे, टाकून दे."

"पण सर, हळदीच्या खाली गठ्ठे असले तर?"

"असले तर सोमवारी दिसतील. काप काढायच्या यंत्रातला बर्फ वितळवायचा, ते धुवायचं, परत गार करायचं, त्याला सोमवार उजाडेल. आणि उद्याच मंजुरीची फाईल दिल्लीला जातेय. हळदीच्या डागावरून मी ती अडवू? अगं, देशभर बायका या औषधाची वाट बघतायत."

ते खोटं बोलत नव्हते, आणि केतकीला त्यांच्यावर विश्वास ठेवायचा होता, अगदी मनापासून ठेवायचा होता. हळद असेल तर प्राजू ठणठणीत होती. केतकीचा शब्द खरा होता आणि आईकडे जाऊन पुरणपोळी खायला हरकत नव्हती. इतकी सोयीची हळद तिनं आयुष्यात बघितली नव्हती, आणि म्हणूनच तिला ती सोसेना.

सर उंदीरघराकडे वळले आणि प्राजूचा व्हिडिओ कॉल आला. मागं अंगण, तारेवर वाळत घातलेली साडी.

"ताई, सोनं घे, सोन्यासारखी राहा! अगं, नव्या साडीवर घटाची हळद सांडली. मी रडकुंडीला आले तर आत्या म्हणतात, टाक उन्हात. हळदीचा डाग उन्हाला टिकत न्हाई. बघ, निम्मा गेला सुद्धा. आणि त्या कासारणीनं मला फसवलं बघ. माझ्याच मापाच्या म्हणून दिल्या बांगड्या, एक चढंल तर शपथ."

"इंजेक्शन घेतलंस?"

"उद्या घेते की. आज दसरा हाय." आणि कुणीतरी हाक मारली म्हणून फोन बंद झाला.

केतकीला त्या सगळ्यातून साडी तेवढी ऐकू आली. हळदीचा डाग उन्हाला टिकत नाही! तिची आई हेच सांगत आली होती, आजीही. हळदीतला रंग उन्हानं मोडतो. मूत्रपिंडात साठलेले गठ्ठे मात्र कोरड्या काचेवर उन्हाला दाद देत नाहीत. आधी ऊन, मग द्रावण. त्यानंतरही चमकलं तर ती हळद नव्हे.

उरलेले कोरे काप तिनं स्टीलच्या ताटात मांडले आणि ती गच्चीवर गेली. ऑक्टोबरचं ऊन असं की फरशीवर पाय ठरेना. पापड राखावेत तशी ती कावळे हाकत ताटाशी बसून राहिली. खाली रस्त्यावरून झेंडूच्या माळा बांधलेल्या गाड्या मिरवत जात होत्या. तिनं मनातल्या मनात किती वेळा तरी घोकलं : काळे होऊ देत. सगळे काप काळे होऊ देत. मी मूर्ख ठरू दे.

ऊन कलल्यावर ती खाली आली. एका कापावर द्रावण टाकलं नाही, तो आधी लावला. काळा. हळद गेली होती. मग द्रावण टाकलेला.

या खेपेला यंत्रानं हळदीचं नाव काढलं नाही. 'गाळणीत साठा. तीव्र.' एवढंच लिहिलं आणि ते थांबलं.

केतकीनं यंत्रावर विसंबणं सोडलं आणि कपाटातला निळ्या प्रकाशाचा जुना सूक्ष्मदर्शक काढून स्वतःचा डोळा लावला. गाळणीच्या प्रत्येक वळणावर मोहरी सांडावी तसे हिरवे ठिपके होते. औषध सुरू होण्याआधीसुद्धा इतके कधी नव्हते. आणि मग तिला कळलं, काय झालं ते. रक्तातलं औषध एका पातळीखाली गेलं की हमाल संपावर जातात. पाठीवरचं ओझं ते नीट उतरवून ठेवत नाहीत, जिथं असतील तिथं टाकतात. सगळं एकदम. आणि रक्त जिथं गाळलं जातं तिथंच ते अडकतं.

उंदरात हे ओझं प्लेटलेटच्या पाठीवर जातं, माणसात तांबड्या पेशींच्या. तांबडी पेशी पुष्कळ जास्त जगते. म्हणजे प्राजूला अजून थोडा वेळ असेल. किंवा तिच्या पाठीवरचं ओझंच जास्त असेल.

बांगड्या! हात सुजलेत तिचे! केतकी ताडकन उठली.

तासगावला फोन लागला तेव्हा प्राजू नटूनथटून सोनं वाटायला निघाली होती.

"प्राजू, मिरजेला ये. आत्ताच्या आत्ता. इंजेक्शनचं पेन बरोबर घे."

"आगं, बाहेर पडायलोय आम्ही. काय झालं? लघवीची पट्टी बघितली की मी सकाळी, अगदी स्वच्छ हाय."

"पट्टीचं राहू दे."

"तूच म्हणालीस ना, एकानं काय होतंय म्हणून?"

"मी चुकले," केतकी म्हणाली. "मला माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं बोलले. तुझ्या बोटातली अंगठी काढून दाखव मला."

"हे काय गं भलतंच..."

"काढ प्राजू."

पडद्यावर प्राजूचा हात दिसला. तिनं अंगठी ओढली, फिरवली, परत ओढली. हसू हळूहळू ओसरलं.

"ताई," ती बारीक आवाजात म्हणाली, "ही येत न्हाई गं."

मिरजेच्या रुग्णालयात सगळी मंडळी पोहोचली तेव्हा सांजवात झाली होती. प्राजूचा नवरा दिग्विजय गाडीच्या किल्ल्या हातात तशाच धरून दाराशी उभा राहिला. तिच्या सासूबाई बाकावर बसून पदराचं टोक मुठीत आवळत होत्या. प्राजूला हमालाचं इंजेक्शन दिलं गेलं आणि रक्तातला प्लाझ्मा काढून नवा भरणाऱ्या यंत्राला जोडलं गेलं. सुटे गठ्ठे गाळणीत पोहोचायच्या आत वाटेतच बाहेर काढायचे, एवढाच उपाय होता. रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडाला धक्का बसलेला दिसत होता. किती वाचेल हे आठवड्यानं कळेल, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

हेरवाडकर उन्हातले काप स्वतः बघून आले होते. कुडत्यावर झेंडूची पाकळी तशीच होती. ते केतकीच्या शेजारी बसले.

"फाईल थांबवली," ते म्हणाले. "हळद माझ्याच बोटाची. आणि तुझ्या त्या पढवलेल्या पोपटानं 'बाद' म्हटल्यावर मलाही तेच हवं होतं. असो. आता आधी बाकीच्या रुग्णांना विचारायला हवं, कुणी डोस चुकवलाय का."

"चुकवलाय," प्राजू खाटेवरून म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिच्या दोन्ही हातांना नळ्या होत्या आणि ती छताकडे बघत होती.

"निम्म्याजणींनी तरी. मी ग्रुपवर टाकलं होतं. माझी ताईच तिथं डॉक्टर हाय, ती म्हणते एकानं काय होत न्हाई, बिनधास्त धरा नवरात्र." तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. "मला वाटलं, सगळ्यांचंच बरं हुईल."

केतकीला तो फोन आठवला. उंदराला शेपटीनं धरून, दुसऱ्याच कामात डोकं असताना टाकलेला एक शब्द. तो कुठल्या कुठल्या घरात जाऊन देव्हाऱ्यापुढं बसला होता!

हेरवाडकर मात्र सावध झाले. "त्यांचे इंजेक्शनाचे वार वेगवेगळे असतील. तुझा तिसऱ्या माळेलाच चुकला, म्हणून तुझं अंतर सगळ्यात जास्त पडलं. बाकीच्यांचं औषध अजून त्या पातळीखाली गेलेलं नसेल. आज रात्रीच्या आत इंजेक्शन घेतलं तर ओझं पडायचं नाही. संस्थेतून सगळ्यांना संदेश पाठवू."

"संदेश कोण वाचतंय दसऱ्याच्या दिवशी?" प्राजू म्हणाली. "आणि वाचला तरी घेणार न्हाईत. कितीजणी कोजागिरीपर्यंत पाळतात. माझा फोन द्या इकडं."

हात हलवायचा नव्हता, म्हणून केतकीनं फोन तिच्या कानाशी धरला. पहिल्या दोघींनी लगेच ऐकलं. तिसरीनं रडारड केली, पण ऐकलं. चौथी जयसिंगपूरची, वंदना म्हणून. तिचा आवाज मोठा होता, सगळ्या खोलीला ऐकू येत होता.

"मी कोजागिरीला सोडणार हाय. घरात देवी बसलीय आमच्या. मधीच सुई टोचून घेतली आणि ती कोपली म्हंजी? पदरात पोरगं हाय माझ्या."

बाकावरच्या सासूबाईंनी मान खाली घातली. हेरवाडकरांनी काहीतरी शास्त्रीय सांगायला तोंड उघडलं आणि केतकीनं त्यांना खुणेनं थांबवलं.

"वंदे, ऐक," प्राजू म्हणाली. यंत्र तिच्या उशाशी घरघरत होतं. "मी नऊ दिवस कडक धरलं. पाण्याशिवाय काही घेतलं न्हाई, सुई लावली न्हाई. आता दोन्ही हातांत सुया हायत बघ. तू टोचून घे. आणि देवी कोपली तर तिला माझं नाव सांग. म्हणावं, तासगावच्या प्राजूनं करायला लावलं, काय ते तिला विचार."

पलीकडं पाऊल वाजलं, फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं इंजेक्शनच्या पेनाचा टक असा बारीक आवाज आला.

"घेतलं," वंदना म्हणाली.

प्राजूनं डोळे मिटले. तोंड सकाळपेक्षा जास्त सुजलेलं होतं, पापण्या जड. अजून कितीतरी नावं उरली होती.

"पुढचा नंबर लाव," ती म्हणाली. "आणि आता तू बोल, ताई. शब्द तुझा होता."

केतकीनं नंबर लावला. रुग्णांशी बोलायचं नाही हा दंडक आठवून तिनं हेरवाडकरांकडे बघितलं. त्यांनी नुसती मान हलवली. पलीकडून कुणीतरी हसत "दसऱ्याच्या शुभेच्छा!" म्हणालं.

"मी प्राजूची ताई बोलतेय," केतकी म्हणाली. "एकानं काही होत नाही असं जिनं सांगितलं होतं ना, ती मीच. मी चुकीचं सांगितलं होतं."